खळीतलं धुकं

काळ्या शाईत निसर्गचित्र काढणं सोपं, असं श्रीनिवासरावांना वाटे. रंगच नाहीत, तर चुकणार काय? तरी तीन वर्षं चित्रकलेच्या क्लासच्या प्रदर्शनातून त्यांचं चित्र परत येत होतं. जन्मभर भूगोल शिकवल्यामुळे त्यांचे डोंगर अगदी उंचीसकट बरोबर असत. शिकवणारी वल्लरी दर वेळी तेच म्हणे, "काका, डोंगर करेक्ट आहेत, पण मूड नाहीये. दोन डोंगरांच्या मध्ये हवा कुठाय?"

यंदा अगदी शेवटच्या दिवशी त्यांनी सिंहगडामागच्या रांगा काढल्या आणि ओलं चित्र सदाशिव पेठेतल्या घराच्या गॅलरीत, स्टुलावर वाळत ठेवून ते अंघोळीला गेले. तेवढ्यात वासंतीताईंनी सुती साडीला खळ घातली आणि ती दांडीवर टाकली. खळीची साडी घट्ट पिळायची नसते, हे नवऱ्याला चाळीस वर्षांत कळलं नव्हतं. स्टूल नेमकं दांडीखाली होतं. श्रीनिवासराव बाहेर आले, तेव्हा डोंगरांवर पांढरट डाग पसरले होते.

"माझं चित्र गेलं," ते म्हणाले.

"दांडी तिथं तीस वर्षं आहे," वासंतीताई म्हणाल्या. "चित्र आज आलं."

नवीन काढायला वेळ नव्हता. पडेल चेहऱ्यानं ते तेच घेऊन क्लासला गेले. वल्लरीनं ते उजेडात धरलं. मग तिनं विचारलं, हे धुकं कसं आणलंत? इतकं मऊ तिलाही कधी जमलं नव्हतं. श्रीनिवासराव "सराव" म्हणाले आणि फसले. चित्र लागलं, तेही दारासमोर, आणि उद्घाटनाला त्यांनी हे तंत्र सर्वांना करून दाखवायचं ठरलं.

दोन दिवस त्यांनी ब्रशनं, बोटांनी, शेवटी औषधाच्या ड्रॉपरनं पाणी टाकून पाहिलं. नुसते ओघळ येत. उद्घाटनाला समोर वासंतीताईंसह पंचवीस माणसं बसली, तेव्हा त्यांनी ब्रश खाली ठेवला.

"डोंगर माझे आहेत," ते म्हणाले. "धुकं हिच्या साडीतून गळलंय."

सगळे हसले आणि वह्या उघडून वासंतीताईंकडे वळले. त्यांनी साडीला घातलेल्या खळीचं सांगितलं आणि प्रश्न सुरू झाले. खळ तांदळाची की साबुदाण्याची, दाट की पातळ, किती उंचीवरून? तासभर त्याच बोलत होत्या. श्रीनिवासरावांना मागची खुर्ची मिळाली, पण इतकं हलकं त्यांना कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं.

परतल्यावर ते जिन्यातच थांबले. "वासंती, तुझे आभार मानायचे राहिलेत. आजचेच नाही, बरेच."

वासंतीताईंचे डोळे भरून आले. पदरानं ते टिपून त्या म्हणाल्या, "आभार राहू द्या. उद्यापासून कपडे तुम्हीच वाळत घाला. एवढं कलेचं काम, माझ्या हातून बिघडायचं."