अण्णांच्या शेतासाठी उमेदवार

कात्रजच्या आमच्या सोसायटीतले जगताप अण्णा माणसाच्या तोंडाकडे नंतर बघतात, आधी तळहाताकडे. पहिल्या भेटीत माझा हात उलटासुलटा करून ते म्हणाले, "बँकेत होता?" होतो.

अण्णांची लोणी काळभोरला तीन एकर बागायत आहे. गुडघे कुरकुरू लागल्यावर आयटीतला मुलगा म्हणाला, "विकून टाका." अण्णांनी ते ऐकू न आल्यासारखं केलं आणि जाहीर केलं, "कुणीतरी नवा माणूस बघतो. शिकवतो. त्याच्या हातात देतो."

उमेदवार येऊ लागले. एकाने लॅपटॉपवर चाळीस पानांचा आराखडा दाखवला. अण्णांनी शांतपणे विचारलं, "यात तण काढणारा कितव्या पानावर हाय?" दुसऱ्याला शेतीत मनःशांती हवी होती. "मग झोपायला या," अण्णा म्हणाले. जगताप काकू एकदा मला म्हणाल्या, "मुलीच्या लग्नाला इतकी स्थळं नव्हती हो नाकारली."

मग वर्ध्याकडची भाग्यश्री आली. हडपसरच्या एका रोपवाटिकेत कामाला होती. अण्णांनी तिचा तळहात पाहिला आणि काहीच बोलले नाहीत. अण्णांकडे यालाच प्रशस्तिपत्र म्हणतात.

सहा महिने अण्णा रोज सकाळी स्वारगेटला बस बदलून लोणीला जात, तिला शिकवत. शेवटचा धडा दारं धरण्याचा, म्हणजे पाटाचं पाणी फावड्याने एका सरीतून दुसरीत वळवण्याचा. "एवढं आलं की माझी फेरी बंद," असं त्यांनीच ठरवलं होतं.

परवा मीही सोबत गेलो. भाग्यश्रीने शेवटच्या सरीपर्यंत पाणी नेलं. वरंबा कुठे फुटला नाही, थेंब वाया गेला नाही. अण्णा "बरं" म्हणाले आणि बराच वेळ बांधावर बसून राहिले.

ती मोटर बंद करायला गेली. अण्णा उठले, इकडेतिकडे पाहिलं, फावडं उचललं आणि भरल्या सरीच्या वरंब्याला एक घाव घातला. पाणी सरळ शेजारच्या मेथीत घुसलं.

"भाग्यश्री, पाणी फुटलं गं," त्यांनी हाक मारली.

ती आली. तिने तो स्वच्छ, सरळ घाव पाहिला. अण्णांच्या हातातलं ओलं फावडं पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं. मी आभाळाचं निरीक्षण करत होतो.

"मला जमूनच नाही राहिलं, अण्णा," ती म्हणाली.

"मग उद्या यावं लागंल," अण्णा म्हणाले. "सातच्या बसनं निघतो."