चूक कोणी करायची?

"वर्ग चुकणारच, आत्या. नाही चुकला तर नाव बदलीन," असं छातीठोकपणे सांगून तो घरातून निघाला. साधी गोष्टसुद्धा सिद्ध करून दाखवायची खोड असल्यामुळे अध्यापक महाविद्यालयात सगळे त्याला प्रमेय म्हणत.

गणिताचा मास्तर व्हायला शाळेतल्या मुलांसमोर घ्यायचा परीक्षेचा एकच पाठ उरला होता. त्यात तो एकदा घसरला होता. पुन्हा घसरला तर अख्खं वर्ष पाण्यात. म्हणून त्याने एका माजी विद्यार्थ्याची पाठांची टाचणवही मिळवली आणि त्यातला पाठ घोटून पाठ केला. कंसात तीन अधिक चार, त्याचा वर्ग किती? मुलं नऊ आणि सोळा मिळवून पंचवीस सांगणार. मग पुठ्ठ्याचे दोन चौरस फळ्यावर सात बाय सातच्या चौकटीत लावायचे आणि उरलेल्या रिकाम्या जागेत बसणारे दोन आयत खिशातून काढायचे. झाले एकोणपन्नास! या पुठ्ठ्यापायी आत्याच्या शिलाई यंत्राचं कोरं खोकं कापलं गेलं होतं, आणि तिची बोलणी अजून थांबली नव्हती.

मागच्या बाकावर निरीक्षक बाई वही उघडून बसल्या. प्रमेयने प्रश्न विचारला.

"एकोणपन्नास," अख्खा वर्ग म्हणाला.

त्याने आकडे बदलले. तरी बरोबर! खिडकीशी पेंगणाऱ्या मुलाला उठवलं, तर त्याने डोळे न उघडता छत्तीस सांगितलं, आणि उत्तर छत्तीसच होतं. प्रमेयचं डोकं फिरलं. वर्गाने किती हुशार असावं याला काही धरबंध? टाचणातली वीस मिनिटं त्या एका चुकीवर उभी, आणि या पोरांना साधं चुकताही येऊ नये?

"नीट विचार करा," तो दात आवळून म्हणाला. "पहिल्या उदाहरणाचं उत्तर कुणालाच पंचवीस वाटत नाही?"

शेवटी दुसऱ्या बाकावरच्या दोन वेण्यांच्या मुलीला त्याची दया आली. तिने हात वर करून पंचवीस सांगितलं. प्रमेयला इतका आनंद झाला की त्याने तिला शाबासकी दिली आणि वर्गाला टाळ्या वाजवायला लावल्या. बाईंनी चष्मा वर करून वहीत काहीतरी लिहिलं.

ते पाहून त्याचा धीर सुटला. वेळ भरून काढायला पुठ्ठे टेबलावरच टाकून त्याने थेट अक्षरांचं उदाहरण घेतलं. कंसात क अधिक पाच, त्याचा वर्ग. उत्तर लिहिलं, क वर्ग अधिक पंचवीस, आणि खाली झोकात दोन रेघा ओढल्या.

वेण्यावाली उठून फळ्याशी आली. "सर, खिशातले दोन आयत द्या."

"तुला कसं कळलं?"

"आमच्या वर्गात हा पाठ पाचव्यांदा होतोय. सगळे सर ते खिशातच ठेवतात. पण खरंखुरं चुकलेले तुम्हीच पहिले."

मग तिने चौरस लावले, आयत बसवले आणि सरांची चूक सरांना समजेल अशा बेताने समजावून सांगितली. खिडकीशी पेंगणारासुद्धा जागा होऊन बघत होता.

बाईंचा शेरा तीन ओळींचा होता. अपेक्षित चूक झाली आणि तिचं निरसनही उत्तम झालं. दोन्ही कामांच्या माणसांची मात्र अदलाबदल झाली. पाठ पुढच्या वर्षी पुन्हा घ्यावा.

शिव्या कुणाला द्याव्यात, हे त्याला घरी पोचेपर्यंत ठरवता आलं नाही. वर्ग काही चुकला नव्हता, तेव्हा शब्दाला जागून नाव बदलणं भाग होतं. ती तसदी महाविद्यालयाने परस्पर घेतली. दुसऱ्या दिवसापासून सगळे त्याला पंचवीस म्हणू लागले.