मी रबर, आन् हौसाक्काच्या म्हशीचं शिंग

गेल्या आखाडापास्नं मी चित्रं काढायच्या अ‍ॅपात खोडरबर म्हणून कामाला हाय. अ‍ॅप नवशिक्यांचं हाय, म्हंजे ज्यास्नी धड रेघ ओढता येत न्हाय त्येंच्यासाठी. त्यामुळं काम लय पडतं.

नाव सर्जेराव डोईफोडे, गाव वाकीची वाडी, शाळा चौथीपतोर. त्येच्या आदी बारा वर्सं पंचायतीत शिपाई व्हतो. इलेक्शन आलं की आचारसंहिता लागायची आन् भितीवरची नावं, चिन्हं समदी मला पुसाय लागायची. तालुक्याला मुलाखत झाली तवा टेबलामागल्या साहेबानं इचारलं, "अनुभव काय?"

"भिती पुसल्यात."

"कुटल्या पक्षाच्या?"

"समद्यांच्या. सारख्याच पुसल्या."

"रागीट हायसा का?"

"हाय. मंग?"

"काय न्हाय. टणक रबरात घालतो," म्हणाला, आन् शिक्का मारला. "चुन्याची बादली तेवढी हितंच ठेवा. आपल्यात वरनं पांढरं फासायचं न्हाय. रेघ गेली पायजे आन् खालचा कागद दिसला पायजे."

ते मला पटलं. चुना मारणं म्हंजे लपवणं. खोडणं येगळं.

कामाचं नेम सोपं हायती. पयली पट्टी मापाची. ती सरकवली की मी मव्हरीएवढा व्हतो न्हायतर जात्याएवढा. दुसरी पट्टी जोराची. ती शंभरावर असली की एका फटक्यात रेघ साफ. तिसावर आणली की माझा हात तीस टक्के चालतो आन् रागबी तीस टक्केच येतो. बायकोनं हे ऐकल्यापास्नं ती इचारती, ती पट्टी घरी आणता येती का. न्हाय येत. कंपनीची हाय.

वरच्या कोपऱ्यात जालिंदर भोकरे बसतो. त्यो माघारी घ्यायचं बटन हाय. रेघ पटली न्हाय, त्येच्यावर टिचकी मारली, की त्यो रेघ उचलून न्हेतो. मागल्या इस रेघांपतोर त्येला अधिकार हाय. एकविसावी मागितली की मान हलवतो. कापडाला घडी मोडत न्हाय त्येच्या. मला म्हणतो, "सर्जेराव, तुमचं काम लय धुळीचं ब्वा." म्या म्हणलं, "तुझं काम लय पळपुट्याचं." तवापास्नं आमी भाकरी येगळी खातो.

तर सोमवारी दुपारी मी कोऱ्या कागदाच्या कडंला बसून जेवत व्हतो. तेवढ्यात वरनं एक जाडजूड बोट आलं.

"ह्ये काय टिपकं हायती?" बाईचा आवाज.

"भाकरीचा चुरा हाय. माझा मी उचलतो," म्या म्हणलं.

ती हौसाक्का गेजगे. आमच्याच वाडीची, साठीची, नवरा न्हाय, एक म्हस. शनवारी ती म्हस, सुंद्री, गायरानात चरायला गेली ती माघारी आलीच न्हाय. पोलीसपाटील म्हणाला, फोटू द्या, शिक्का मारून चौदा गावांच्या ग्रुपवर धाडतो. हौसाक्का म्हणाली, म्हशीचा फोटू कोण काढतंय. त्यो म्हणाला, मंग चित्र द्या, पण शिक्का मारण्यासारखं पायजे. म्हणून ती अंगणवाडीत शैलाम्याडमकडं आली. म्याडमकडं सरकारी टॅब हाय आन् टॅबात आमी.

"आक्का, ही पेन्सिल, ह्यो रंग, आन् चुकलं तर ह्यो रबर," म्याडमनं दावलं आन् ती पोरांची खिचडी बघाय गेली.

हौसाक्कानं पाठीची रेघ ओढली. ती रेघ पार घाटावनी गेली, वर खाली. तिनं काय करावं? बोटाला थुकी लावली आन् काच घासाय लागली. पाटीची सवय.

म्या आतनं वरडलो, "ओ आक्का, थुकू नगा. मी हाय हितं."

"तू कोण?"

"रबर."

"मंग गप का बसलायस? पूस की."

पुसलं. मंग पाय. पाच काढलं व्हतं, एक पुसला. मंग आचळं काढली. ती बाई रोज त्या आचळांना हात लावती, त्यामुळं चारी आचळं एका फटक्यात आली, मागलं डावं जरा लांब, हाय तसं. आमच्या अ‍ॅपात पेन्सिलीच्या कामाला असल्याली पोरगीबी बगत ऱ्हायली. मला वाटलं, आता काय, घंट्याभरात म्हस तयार.

डाव्या शिंगावर गाडी आडली.

सुंद्रीचं डावं शिंग मागं जाऊन आत वळतं आन् टोक कानाकडं येतं. हौसाक्काला ते डोळ्यापुढं दिसत व्हतं पण हाताला गावत न्हवतं. "न्हाय, अशी न्हाय. पूस." पुसलं. "जरा आत. पूस." पुसलं. मधी म्याडमनं येऊन शिंग येगळ्या कागदावर घ्या म्हणून सांगितलं, म्हंजे तोंडाला धक्का लागणार न्हाय. चांगली गोष्ट हाय. आमच्यात कागदावर कागद असत्यात, काचंसारखं, एकावर एक. पण त्येच्यानंतर हौसाक्का मला वरच्याच कागदावर घासाय लागली आन् शिंग मातर खालच्याच कागदावर काढाय लागली.

"पुसतोयस का चेष्टा करतोयस?"

"मी माडीवर हाय आन् शिंग जोत्यावर. मला खाली उतरवा, मंग बोला."

"उतर की तुझा तू."

"मला जिना न्हाय. नेम हाय तसा."

म्याडमनं येऊन उतरवलं. मंगळवारी पुन्यांदा तेच. एकतीस डाव शिंग काढलं, एकतीस डाव पुसलं. बत्तिसाव्याला हौसाक्का म्हणाली, "तूच नीट पुसत न्हाईस, म्हणून नीट येत न्हाय."

माझं डोस्कं फिरलं. जोर शंभरावर व्हता आन् तिचा आंगठा पट्टीवर पडून मी जात्याएवढा झाल्तो. असा गेलो त्या शिंगावर की आर्धं शिंग एका दमात उडालं. "घ्या," म्या म्हणलं, "ऱ्हायलं त्येवढं बास हाय."

तीबी पेटली. "व्हय रं? आर्धं तर आर्धं. माझी म्हस आचळावरनं वळखू येती, शिंगाचं कोण बगतंय." आन् तिनं सवताच्या बोटानं चित्र पोलीसपाटलाला धाडून दिलं.

मी जालिंदरकडं गेलो. मला जायचं न्हवतं, पण गेलो. "तेवढी खोडणी माघारी घे."

"चित्र धाडलं की वही मिटती," त्यो म्हणाला. "मिटल्या वहीतलं मला काडता येत न्हाय." आन् कॉलर नीट केली.

पोलीसपाटील म्हंजे किसनराव, आमच्या गावचा. त्येनं चित्राला शिक्का मारला, खाली लिवलं "वर्णन मंजूर", आन् चौदा गावांत धाडलं.

बुधवारी सकाळीच निरोप आला. तीन कोसावर गोरडवस्तीला एक मोकाट म्हस घावली हाय. हौसाक्का, किसनराव, शैलाम्याडम आन् टॅबात मी, आसं समदं जीपगाडीनं गेलो. मला आतनं निस्तं आभाळ दिसत व्हतं. शिंगाची चूक माझी व्हती आन् ती किसनरावाला, म्याडमला म्हाईत न्हवती.

म्हस दावणीला बांधली व्हती. हौसाक्का गाडीतनं उतरली न्हाय तवर सुंद्री आशी हंबरली की वस्तीवरची कुत्री उठली. हौसाक्कानं तिच्या मानंला मिठी मारली आन् तिला शिव्या द्याय लागली. "कुटं कडमडली व्हतीस, रांडंच्ये." म्हस तिचा हात चाटाय लागली.

आबा गोरड, ज्येला म्हस घावली त्यो, खाटंवर बसून च्या पीत व्हता. "चित्र दावा की पाटील," म्हणाला.

किसनरावानं म्याडमच्या हातातला टॅब म्हशीशेजारी धरला, एक डोळा झाकला. पाठ जुळली. पाय जुळलं. आचळं पायली तवा त्यो खाली वाकून म्हणाला, "वा." मंग उठला आन् शिंगाकडं बगाय लागला.

"चित्रात डावं शिंग आर्धं हाय," त्यो म्हणाला. "हिला पुरं हाय."

"मंग ही न्हवं," आबा म्हणाला. "माझ्या दारात आली, माझ्या दारात ऱ्हाईल. मला काय तरास न्हाय. सात लिटर देती."

"आवो, ती हंबरली बगा की माझ्याकडं बगून," हौसाक्का म्हणाली.

"हंबरण्याचं वर्णनात लिवल्यालं न्हाय," किसनराव म्हणाला. त्यो वाईट माणूस न्हाय. पण शिक्क्याच्या भाईर जात न्हाय.

"चित्र चुकलंय. दुरुस्त करून देतो," शैलाम्याडम म्हणाली.

"चित्र मंजूर हाय, म्याडम. त्येच्यावर शिक्का हाय. म्हशीवर शिक्का न्हाय. चित्रात बदल करायचा तर नवा आर्ज, आठ दिस. तवर म्हस हाय तितंच."

हौसाक्काचं तोंड उतरलं. आठ दिसांत म्हस दुसऱ्याच्या हाताला लागती, मंग माघारी येऊनबी पान्हा सोडत न्हाय. त्या बाईच्या घरात त्या म्हशीबिगर बोलाय दुसरं कोण न्हाय, हे वाडीत समद्यांस्नी म्हाईत हाय. आबाला बी म्हाईत व्हतं. त्यो च्या फुकत बसला.

किसनरावानं डोकं खाजवलं. "एक मार्ग हाय. म्हस चित्राबरुबर करा. त्येला आर्ज लागत न्हाय."

समद्यांनी टॅबाकडं बगितलं.

"माझ्याकडं काय बगताय?" म्या म्हणलं.

"रबरानं अ‍ॅपाच्या भाईर काम करू नये, आसं कुटं लिवलंय का?" किसनरावानं इचारलं. म्याडमनं नेमांची पानं वाचली, समदी. तसं लिवल्यालं न्हवतं. "मंग चालतंय," त्यो म्हणाला.

म्या सांगितलं, आता नीट ऐका. चित्राला कागद धा असत्यात. म्हशीला एकच. शिंग, कान, डोळा, श्वास, समदं एकाच कागदावर. माझा हात बोटभर हुकला तर कान गेला. दोन बोटं हुकला तर डोळा गेला. जालिंदरला इचारलं, त्यो कोपऱ्यातनं म्हणाला, "भाईरचं माझ्याकडं येत न्हाय." आन् पयल्यांदा त्येनं मान खाली घातली.

म्हंजे खोडलं ते खोडलं.

हौसाक्का लय वेळ म्हशीच्या मानंवर हात फिरवत ऱ्हायली. मंग इचारलं, "ह्येचा जोर किती हाय?"

"शंभर," म्याडम म्हणाली.

"धावर आण. आन् ऐक रं सर्जेराव, काल मी तुला बोलले. तू मला बोललास. ते हितं आणू नगंस."

म्याडमनं पट्टी धावर आणली आन् माप उडदाच्या डाळीएवढं केलं. माझ्या डोस्क्यात कुणीतरी गार पाण्याची कळशी वतल्यागत झालं. पन्नास वर्सांत मला आसं कवा वाटलं न्हवतं. म्याडमनं काच शिंगाला टेकवली आन् मी भाईर उतरलो.

शिंग उन्हानं गरम व्हतं. टोकापास्नं सुरू केलं. धा टक्क्याला एका फेरीत काय जात न्हाय. एक फेरी, शिंग जरा फिकं. दुसरी फेरी, आजून फिकं. पाचव्या फेरीला पलीकडचा गोठा शिंगातनं दिसाय लागला. म्हशीचा डोळा माझ्यापास्नं इतभर. तिची पापणी हालली की माझ्या अंगाला वारा लागायचा. हौसाक्का तिच्या कानात पुटपुटत व्हती, "गप ऱ्हा माझे बाय, गप ऱ्हा." ती मला म्हणत व्हती का म्हशीला, मला कळत न्हवतं, पण मी गप ऱ्हायलो.

आबा गोरड खाटंवरनं म्हणाला, "कानबी चित्रात बारका दिसतोय जरा. त्योबी घ्या की खोडून."

शंभरावर असतो तर मी त्येच्या मिशीवर गेलो असतो. धावर व्हतो. म्या म्हणलं, "आबा, जरा दम धरा हं." त्येच्या हातातली बशी तशीच ऱ्हायली. माझ्या आवाजात 'हं' कुणी ऐकलाच न्हवता, म्यासुदिक.

आर्धं शिंग गेलं. रक्त न्हाय, भुगा न्हाय, कड अशी मऊ की हात फिरवावा. किसनरावानं टॅब धरला, डोळा झाकला. "आजून दोन बोटं." मी दोन बोटं घेतली. मधी म्हशीनं मान हलवली आन् मी कानाच्या केसांवर गेलो. दोन केस गेलं. हौसाक्काला दिसलं. तिनं म्हशीची मान आजून घट्ट धरली.

"बास," किसनराव म्हणाला. "कानाचं काय आबा, बगा सवताच. आता जुळतोय."

आबा उठून आला, टॅब बगितला, म्हस बगितली, आचळं बगितली. दावं सोडून हौसाक्काच्या हातात दिलं. "चित्राबरुबर हाय ब्वा," म्हणाला. "मला वाटलं, शिंग कुटं जातंय, निस्ता देखावा करत्याती."

माघारी येताना हौसाक्का जीपात बसली न्हाय. म्हशीबरुबर तीन कोस चालली. म्याडम टॅब घेऊन तिच्यासंगं चालली, म्हणून मीबी. पट्टी शंभरावर न्यायची कुणाला आठवण झाली न्हाय. वाटंत हौसाक्कानं इचारलं, "सर्जेराव, तुझं शिक्षान किती?" म्या म्हणलं, "चौथी." ती म्हणाली, "माझं दुसरी. पण तू बरा पुसतोस."

सांजच्याला वाडीत किसनराव खातरी करायला गोठ्यात आला. सुंद्रीनं हौसाक्काच्या हाताला चरवीभर दूध दिलं, फेस वर येईस्तवर. चित्रात दूध न्हवतं. किसनरावानं चरवी बगितली, चित्र बगितलं, इचार केला, आन् खाली लिवलं, "जादा दुधास हरकत न्हाय."