वरातीच्या घोडीची लस आणि आमची सोसायटी

स्वतःच्या डोळ्यांसमोर झालेल्या तपासणीशिवाय कशावरही विश्वास ठेवू नये, यावरच समाज टिकून आहे. आमच्या मोशीच्या सोसायटीचे अध्यक्ष अर्जुनराव चाकणच्या एका कारखान्यातून, क्वालिटी खात्यातून निवृत्त झाले (घरची पोळीसुद्धा ते उजेडात धरून बघतात).

वरातीची घोडी लस टोचलेली हवी (कशाची, हे ठरावात नमूद नाही), हा नियम त्यांचाच. घोडीवाले मीरासाहेब डॉक्टरांचा दाखला घेऊन आले. दाखला खरा होता, पण टोचताना आम्ही कुठं बघितलं होतं? म्हणून दर वरातीला गेटवरच नवी लस. टोचायला मेडिकलवाला प्रीतम. आजूबाजूच्या सोसायट्यांनीही आमचा कित्ता गिरवला.

अर्जुनरावांनी पुठ्ठ्याला भोक पाडून गेज (कारखान्यात माप तपासायला असतो तसा साचा) केलं आणि घोडीच्या मानेला लावलं. "टोचायचं ते इथंच. जागा बदलली की माल रिजेक्ट."

लग्नसराई संपेपर्यंत तिथं सुपारीएवढी गाठ आली. काय आनंद झाला म्हणून सांगू! लसीचा इतका टिकाऊ पुरावा कुठं मिळतो? ब्याण्णव टक्के सभासदांनी गाठ चाचपून समाधान व्यक्त केलं (उरलेले शिफ्टला होते). बिनगाठीच्या घोड्या आम्ही गेटवरून परत पाठवू लागलो.

पुढच्या सराईपर्यंत गाठ नारळाएवढी झाली. मीरासाहेब हात जोडून म्हणाले, "साहेब, डॉक्टर म्हणत्यात, लस चांगलीच हाय, वेळच्या वेळी द्यायचीच. पण एकाच जागी सारखं टोचायचं न्हाई. आता गाठ कापली न्हाई तर जनावर हातचं जाईल."

"कापा की," अर्जुनराव म्हणाले. "पण मग लस टोचली हे कशावरून मानायचं?"

बिनतोड प्रश्न होता. त्यात सराई भरात, तारखा दिलेल्या. गाठ राहिली. माझ्या मुलाच्या, प्रज्वलच्या वरातीचे फोटो आले तेव्हा ती फार ओंगळ दिसत होती, म्हणून फोटोग्राफरला सांगून काढून घेतली. चहा होईपर्यंत काम झालं, मान एकदम स्वच्छ.

श्रावणात घोडी गेली. समितीनं तातडीनं शोकसभा बोलावली. ठरावात तिचं नाव घालायचं होतं, तर ते कुणालाच ठाऊक नाही. मीरासाहेबांना विचारलं असतं, पण घोडीशिवाय त्यांना गेटच्या आत कोण सोडणार?

हसताय काय? तुमच्या घरच्या वरातीतल्या घोडीचं नाव सांगा बघू.