धोंडूकाकांची घाईची पंगत

पत्रावळीवर भात पडला की धोंडूकाकांना तो ताबडतोब पोटात गेलेला हवा असे. "आटपा, फुडची पंगत उभी हाय!" मागे चिटपाखरू नसलं तरी ते असंच ओरडत.

आमचे हे शेजारी जन्मभर लालबागेत खानावळ चालवून म्हातारपणी एकटेच पोलादपूरला परतले. तिकडे भागीरथीकाकू रांधायच्या आणि हे गिरणीच्या भोंग्याआधी कामगारांच्या पंगती उठवायचे. काकू मुंबईतच वारल्या. काकांचा भोंगा मात्र काही बंद होईना. गावातल्या लग्नकार्यात वाढायला त्यांना कुणी बोलावत नसे. ते आपणहून येत.

माझ्या बहिणीच्या, तानीच्या लग्नात मी त्यांना हात जोडले. "काका, आज तोंड उघडू नका. नवऱ्याकडची शिवथरची माणसं मानपानाची आहेत."

"मी कशाला बोलतोय?" ते म्हणाले.

अक्षता पडल्या, पहिली पंगत बसली. नवऱ्याचे चुलते वालाचं बिरडं चवीनं चाखत निवांत जेवत होते. काका त्यांच्या डोक्याशी जाऊन उभे राहिले. मी लांबून डोळे वटारले. व्यर्थ!

"दात पडलं का पावणं? आटपा!"

चुलते ताडकन उठले. त्यांच्यामागे सगळी पंगत उठली. "नवरी ठेवा तुमच्याकडंच!" वाजंत्री गप्प झाली. आमचे वडील, आबा, हात जोडून पुढे धावले, तानी तर पांढरीफटक पडली. मला काकांचा गळा धरावासा वाटला, पण ते मांडवात कुठे दिसेनात.

"कुठं हाय तो? माफी मागूं दे आधी," म्हणत चुलते माझ्यामागोमाग निघाले.

काका मागच्या पडवीत सापडले. पहाटेपासून रांधणाऱ्या बायांना त्यांनी बळंच पाटावर बसवलं होतं. पुरुषांच्या आधी जेवायचं म्हणून त्या संकोचून गेल्या होत्या.

"पावणं उठलं, आता तुमी जेवा. सावकाश जेवा गो." काका वाफाळता भात वाढत होते. तो आवाज मी कधी ऐकलाच नव्हता. "आमची भागी पंगती सरल्यावर टोपाला लागलेली गार खरवड खायची. म्हनायची, येकदा ऊन भात जेवीन. मी किती घाई केली, पन पंगती सरल्याच नायत..." ते पुढच्या पत्रावळीकडे वळले.

चुलते दाराशीच थबकले होते. ते मांडवात परतले. तिथे आमची गावकरी मंडळी जागा धरायला निघाली होती. चुलते आडवे उभे राहिले.

"उभी ऱ्हाऊं दे फुडची पंगत. आत बाया जेवतायत."