सावकाशरावांची खोबण

सावकाशराव सकाळपासून पांढऱ्या ॲक्रिलिक प्लॅस्टिकच्या शीटमध्ये एक वळणदार खोबण कापत होते आणि खोबण काही केल्या होत नव्हती. त्यांचा कारखाना म्हणजे घराच्या तळमजल्यावरची एक खोली आणि त्या खोलीत जागा अडवून बसलेलं सीएनसी राउटर. कॉम्प्युटरचा हुकूम झाला की हे मशीन बिट, म्हणजे गरगरणारं पातं, शीटवरून नेत हवा तो आकार कापतं. सावकाशराव हे त्यांचं पाळण्यातलं नाव नव्हे, पण ज्या माणसाचा चहा दुसऱ्या घोटापर्यंत गार होतो, त्याला लोक आणखी काय म्हणणार?

ही खोबण साधीसुधी नव्हती. जिन्यावरून पडून आईचा खांदा मोडला होता आणि प्लास्टर निघाल्यावर हात लाकडासारखा ताठ झाला होता. तेव्हा हाताचे व्यायाम करून घेणाऱ्या व्यायामबाई रोज घरी येऊ लागल्या. एका लाकडी पाटीच्या खोबणीतून गुंडी सरकवायला लावून, कधी रागावून, कधी गोंजारून त्यांनी तो हात हलता केला. आता आई स्वतःची बटणं स्वतः लावत होती. फक्त हात खांद्याच्या वर जात नव्हता. आज संध्याकाळी व्यायामबाई स्वतःचा दवाखाना उघडणार होत्या, आणि त्यांना नवी कोरी पाटी द्यायची असं आईनं ठरवलं होतं.

"त्या लाकडी पाटीची कुसळं माझ्या हातात जायची," आई म्हणाली. "बधिर हाताला कळतसुद्धा नाही रे. कड कशी लोण्यासारखी हवी."

"तू काळजी करू नकोस. मी अगदी जिवापाड सावकाश कापतो," सावकाशराव म्हणाले, आणि इथेच घोळ झाला.

एरवी ते मशीन बसवणाऱ्यानं लावून दिलेल्या वेगावर मुकाट्यानं प्लायवूड कापत. ॲक्रिलिक आज पहिल्यांदाच. त्यात कृतज्ञतेचं काम, म्हणून त्यांनी बिट पुढे सरकण्याचा वेग अर्ध्यावर आणला. बिट गरगर फिरत मुंगीच्या पावलानं निघालं. थोड्या वेळानं जळकट वास आला. बघतात तर बिट पुढे कापतंय आणि मागे खोबण वितळलेल्या प्लॅस्टिकनं पुन्हा भरून येतेय!

"घाई झाली वाटतं," असं म्हणून त्यांनी वेग आणखी कमी केला. आता बिटाभोवती प्लॅस्टिकचा लिंबाएवढा गोळा जमला. शीट बाद झालं. दुसऱ्या शीटला त्यांनी बिट बदललं, शीट चारी बाजूंनी आवळलं आणि वेग इतका उतरवला की बिट पुढे सरकतंय की नाही, ते डोळे ताणून बघावं लागे. त्या शीटला तर खोबणीऐवजी टेंगूळ आलं.

बायको डोकावली. "अहो, निघायची वेळ होत आली. झालं का?"

"अति घाई संकटात नेई."

"आणि अति सावकाशी कुठे नेते? शेवटचं शीट आहे हे. दुकानही आज बंद आहे."

आईचा चेहरा उतरला. "रिकाम्या हातानं कशी जाऊ रे? तिनं मला माझा हात परत दिलाय," ती हळूच म्हणाली. सावकाशरावांनी शेवटचं शीट लावलं, देवाचं नाव घेतलं आणि पूर्वीपेक्षाही कमी वेगावर मशीन सुरू करून ते वाकून बघत बसले.

वास आला. आईनं नाक मुरडलं. बिटाच्या मागे पांढरी साय धरू लागली. आई स्टुलावर चुळबुळली. वेगाचं बटण धूळ लागू नये म्हणून भिंतीवर पार डोक्याच्या वर बसवलं होतं.

"अरे, ढकल की त्याला पुढे! किती वेळ त्या बिचाऱ्याला एकाच जागी घासवणार आहेस?" असं ओरडत आई उठली आणि तिनं बटण एका झटक्यात फिरवलं.

"अगं आई! बिट मोडेल!" सावकाशराव किंचाळले.

बिट मोडलं नाही. ते सुसाट निघालं, आणि पांढऱ्या कोरड्या किसाचे फवारे सावकाशरावांच्या मिश्यांवर उडाले. जळका वास गेला. आता बिटाला एका जागी तापायला फुरसतच नव्हती. कीस उडे आणि उष्णता स्वतःबरोबर घेऊन जाई. सुरुवातीचा साय धरलेला तुकडा दुसऱ्या फेरीत साफ झाला. सावकाशरावांनी खोबणीतून बोट फिरवलं. बोट कुठेही अडलं नाही.

"आई," बायको दारातूनच म्हणाली, "तुमचा हात कुठवर गेला होता, ठाऊक आहे?"

आईनं बटणाकडे पाहिलं आणि मग आपल्या हाताकडे. तिला रडूच फुटलं.

दवाखान्यात व्यायामबाईंनी डोळे मिटून खोबणीतून बोट नेलं. "काकू, कुठे लागतच नाही हो हाताला!" मग बायकोनं बटणाची हकिकत सांगताच त्या उडाल्याच. "दाखवा बघू!"

आईनं जोर लावला. हात खांद्यापाशी येऊन थांबला. "इथंच अडतंय बाई," ती ओशाळून म्हणाली.

व्यायामबाईंनी क्षणभर विचार केला. "अहो, तुम्ही ही पाटी त्या वरच्या खिळ्याला लावता का?"

सावकाशरावांनी पाटी घेतली. खिळा नीट पाहिला. पाटी थोडी डावीकडे नेली, थोडी उजवीकडे आणली, मग मागे सरकून एक डोळा मिटला.

"अरे, दे इकडे!" आईचा हात सरळ डोक्याच्या वर गेला आणि पाटी खिळ्याला लागलीसुद्धा.

व्यायामबाई टाळ्या पिटत म्हणाल्या, "काकूंना आता माझी गरज नाही. रोज तासभर कारखान्यात यांच्यासमोर बसवा. आणि तुम्ही," त्या सावकाशरावांकडे वळल्या, "तुम्ही मात्र अजिबात सुधारू नका. खरंच, आभारी आहे मी तुमची."

सावकाशपणाबद्दल आजवर त्यांचे आभार कुणी मानले नव्हते. काय उत्तर द्यावं याचा सावकाशरावांनी नीट विचार केला, आणि मग "छे छे, उपकार तर तुमचेच आहेत बाई," असं ते अगदी मनापासून म्हणाले. तोवर तिघं आपल्या घराचं कुलूप उघडत होती.