राजा पडला कुणामुळं

राजाच्या मरणाला अजून अख्खा एक अंक बाकी होता, आणि कल्याणप्पा दुसऱ्याच अंकात आडवे झाले.

माकणीच्या जत्रेतलं हे नाटक आण्णासाहेब गुरुजींनी स्वतः लिहिलेलं. त्यात एक गर्विष्ठ राजा असतो, प्रधान त्याला विष पाजतो आणि राजा मरतो. एकवीस वर्षं राजा कल्याणप्पाच आणि प्रधान गावचे शिंपी दादामियाँ. पडदा पडला की शाळेच्या ओट्यावर चहाची किटली यायची आणि खटला चालायचा. राजाच्या नाशाला जबाबदार कोण? प्रधान, राणी, की राजा स्वतः? किटली रिकामी व्हायची, निकाल मात्र कधी लागला नव्हता.

यंदा रात्रीच्या विजेचा भरवसा नव्हता, म्हणून नाटक दुपारी तीनला लावलं. कल्याणप्पांची लेक शिवप्रिया लातूरहून आली होती आणि विंगेत वही धरून बसली होती. दरवर्षी वही तिची आई धरायची. उमाबाईंना जाऊन सात महिने झाले होते.

"मला खाली पाडील असा माणूस अजून जन्माला यायचाय!" कल्याणप्पा गरजले, आणि सिंहासनासकट खाली आले.

टाळ्यांचा कडकडाट झाला. असं पडणं एकवीस वर्षांत कुणी पाहिलं नव्हतं.

"'प्रधानजी, दूर व्हा'," शिवप्रियानं विंगेतून पुढचं वाक्य दिलं. राजा गप्प. तिनं पुन्हा दिलं, मोठ्यानं दिलं. मग तिला दिसलं, घामानं आप्पांची चिकटवलेली मिशी ओघळून हनुवटीवर आली होती आणि हात थरथरत होते. सकाळी शुगरची गोळी तिनंच आठवणीनं दिली होती. 'जेवलो' असं तेच म्हणाले होते.

"चाचा, विष आणा!"

विष म्हणजे पितळी पेल्यातलं गुलाबाचं सरबत. दादामियाँच्या घरचं, साखरेला हात सैल. दादामियाँ पेला घेऊन धावले, तर आण्णासाहेब आडवे आले.

"दुसऱ्या अंकात विष? माझ्या नाटकात?"

"गुरुजी, साखर उतरलीय त्यांची!" शिवप्रिया विंगेतून ओरडली.

"पर राजानं प्रधानाचा अपमान कुठं केलाय अजून? मारायला कारणच न्हाय!"

"कारण मागनं बघू," म्हणत दादामियाँ चष्म्यासकट दरबारात घुसले.

लोक उठून उभे राहिले. "पिऊ नगा राजं! इख हाय त्यात!" बायकांच्या बाजूनं एक चप्पल आली आणि प्रधानाच्या पगडीला लागून गेली. दादामियाँनी तिकडं लक्ष न देता राजाचं डोकं मांडीवर घेतलं.

"पी, आप्पा."

कल्याणप्पांनी अर्धवट डोळे उघडले आणि ओठ घट्ट मिटले. दातांतून पुटपुटले, "तिसऱ्या अंकात."

"आरं बाबा, आजच्या दिवस आत्ता पी की!"

"गुरुजी वरडतेल."

शेवटी शिवप्रियाच वही टाकून दरबारात आली आणि गुडघ्यावर बसली. सात महिन्यांपूर्वी दवाखान्यात ती आईसमोर अशीच बसली होती, हातात पाण्याचा चमचा घेऊन. ते पाणी ओठांवरून ओघळून उशीवर गेलं होतं.

"आप्पा, प्या," ती म्हणाली.

ओठ उघडले. सरबत ओघळलं नाही. गळ्याची घाटी हलली, एकदा, मग पुन्हा. पेला संपेपर्यंत शिवप्रियानं श्वास सोडला नव्हता.

दहा मिनिटांनी राजा उठून बसला, मिशी हनुवटीवरून वर ढकलली आणि खणखणीत आवाजात म्हणाला, "अजून हाय का?"

विष पिऊन राजा आणखी मागतो म्हटल्यावर शिट्ट्या पडल्या. आण्णासाहेबांनी स्वतःच्या हातानं पडदा ओढला.

आरोग्य उपकेंद्रातल्या सिस्टरनं बोट टोचून "आता बरं हाय" म्हटलं, आणि खटला बसला. कल्याणप्पा राजाच्याच झग्यात केळी खात होते.

"दोष पोरीचा," आण्णासाहेब म्हणाले. "गोळी दिली, पर जेवल्यात का ते बघितलं न्हाय."

"तुमचा दोष, गुरुजी," दादामियाँ म्हणाले. "दोन पानांचं वाक्य एका दमात! धडधाकट माणूस पडंल. मी बी बघत होतो, यानं चहाला हात लावला न्हाय. मला कळाया पायजे होतं. पर कल्याणप्पा, तू उपाशी कशापायी?"

"सोमवार हाय."

"तू कवापास्नं सोमवार धरतोस?"

कल्याणप्पांनी केळ्याचं साल नीट घडी करून ठेवलं. "उमा गेल्यापास्नं. तिचं सोमवार मधीच ऱ्हायले ना. चाळीस वर्षं धरले तिनं. सांजपतोर निरंकार, पाण्याचा घोट न्हाय."

शिवप्रिया खाली बघत होती. तिचे खांदे हलायला लागले. दादामियाँ तिच्या डोक्यावर हात ठेवायला उठले, तेव्हा कळलं की ती हसतेय.

"आप्पा," डोळे पुसत ती म्हणाली, "आई सोमवारी दुपारी भगर खायची. शेंगदाण्याच्या आमटीबरोबर. चार वाजता राजगिऱ्याचे लाडू. स्वयंपाकघराच्या दाराआड उभं राहून."

"काय सांगतीस!"

"पहिल्या वर्षी तुम्हीच गावभर सांगितलंत, माझी उमा निरंकार करते म्हणून. मग बिचारी बोलणार कशी? आम्हाला शपथ घातली होती."



"लागला निकाल!" आण्णासाहेबांनी मांडी थोपटली. "एकवीस वर्षं मी हेच म्हणतोय. राजाला त्याचा गर्वच नडला!"

"कसला गर्व? राणीनं फसवलं त्याला!" दादामियाँ उसळले. "लाडू लपवला कुणी?"

दुसरी किटली मागवावी लागली. त्या गलक्यात कल्याणप्पा पोट धरून हसत होते. सात महिन्यांत शिवप्रियानं तो आवाज ऐकला नव्हता. हसता हसता त्यांनी हळूच विचारलं, "लाडू ठेवायची कुठं गं ती?"

"तांदळाच्या डब्यामागं."

शिवप्रिया आठवडाभर राहिली. पुढच्या सोमवारी चार वाजता ती पाणी प्यायला उठली, तर कल्याणप्पा स्वयंपाकघराच्या दाराआड उभे राहून लाडू खात होते. घरात लपावं असं कुणीच नव्हतं, तरी दाराआडच.

तिनं पाहिलंच नाही असं दाखवलं आणि उलट पावली बाहेर आली. आईच्या वेळीही ती असंच करायची.